वाचकांचे प्रश्न : थिबाच्या समाधीवर आलेले ते जनरल

गेल्या अंकात थिबा राजावर दोन पानं छापली आणि पत्रांचा नुसता पाऊस पडला. गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त पत्रं थिबावर नाहीतच, लेखात एका ओळीत ज्यांचा उल्लेख होता त्या म्यानमारच्या माजी राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांच्यावर आहेत. म्हणून यावेळचा सगळा कॉलम त्यांनाच देतोय. नावं छापत नाही, गाव तेवढं देतो.

रत्नागिरी : डिसेंबर २०१२ मध्ये आमच्याकडे म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष आले होते, मी तेव्हा शाळेत होतो. बाबा म्हणतात ते मिलिटरीवाले होते, काका म्हणतात निवडून आलेले होते. नक्की काय?

बाबाही बरोबर आणि काकाही बरोबर, आणि हेच या माणसाचं सगळं कोडं आहे. थेन सेन चाळीसेक वर्षं लष्करात होते, जनरल झाले, लष्करी राजवटीत पंतप्रधान झाले, मग एप्रिल २०१० मध्ये गणवेश उतरवून पार्टी काढली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निवडणूक लढवली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये संसदेने त्यांना राष्ट्राध्यक्ष निवडलं. आता ती २०१० ची निवडणूक कसली होती म्हणाल तर आंग सान सू ची नजरकैदेत, त्यांच्या पक्षाचा बहिष्कार, आणि मैदानात मुख्य पार्टी कुठली तर लष्करातून नुकतेच बाहेर पडलेल्या लोकांची. त्यामुळे निवडून आले हे खरं, पण समोर कोणाला उभं राहू दिलं होतं हेही बघायला पाहिजे.

दिल्लीत आसियान देशांची परिषद होती, त्यासाठी ते भारतात आले होते, आणि तिथून वाट वाकडी करून रत्नागिरीला आले ते थिबाच्या समाधीचं दर्शन घ्यायला. इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेहून उचलून आणलेला राजा, १९१६ मध्ये रत्नागिरीतच गेला, त्याचा देह परत मायदेशी कधी गेलाच नाही. समाधीच्या शेजारीच धाकटी राणी सुपयागले हिची समाधी आहे. आपल्यासाठी तो थिबा पॅलेस म्हणजे पाहुण्यांना दाखवायची जागा, पण त्यांच्यासाठी तो शेवटचा राजा आहे, आणि त्याच्यापुढे हात जोडायला देशाचा राष्ट्राध्यक्ष इतक्या लांब आला याचं महत्त्व आपल्याकडे फारसं कोणी लिहिलं नाही. मला ते तेव्हाही खटकलं होतं. टिळक सहा वर्षं मंडालेच्या तुरुंगात होते हे आपल्या पोरांना पाठ असतं, पण त्या मंडालेचा राजा आपल्या कोकणात तीस वर्षं कैदेत होता हे बऱ्याच जणांना रत्नागिरीला ट्रिप गेल्यावर कळतं.

नाशिक : पेपरमध्ये कधी "यू थेन सेन" छापतात, कधी "श्री. सेन". आडनाव सेन आहे का? बंगाली वाटतात.

नाही नाही, बंगाली अजिबात नाही आणि आडनावही नाही. ब्रह्मी लोकांत आडनावच नसतं, थेन सेन हे सगळं मिळून एकच नाव, त्यामुळे नुसतं "सेन" म्हणणं म्हणजे यशवंतरावांना "वंतराव" म्हटल्यासारखं आहे. पुढे जो "ऊ" लागतो तो मानाचा, शब्दशः अर्थ काका किंवा मामा, आपण मोठ्या माणसाला काका म्हणतो तसंच. बायकांसाठी "डॉ" लावतात, म्हणून "डॉ आंग सान सू ची". त्या डॉक्टर नाहीत हो, हे पण एका पत्रात विचारलं होतं म्हणून इथेच उरकून टाकतो.

कोल्हापूर : माझे वडील सुभेदार मेजर म्हणून रिटायर झाले. आपल्याकडे फौजी माणूस राजकारणात आला तर रिटायर झाल्यावर येतो. म्यानमारमध्ये लष्करातला माणूस थेट पंतप्रधान कसा होतो? त्यांची फौजेतली कारकीर्द सांगा.

तुमचा प्रश्न मला फार आवडला कारण फरक नेमका इथेच आहे. आपल्याकडे फौज सरकारच्या हाताखाली, तिकडे मार्च १९६२ मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता घेतली तेव्हापासून फौज म्हणजेच सरकार. मंत्री, सेक्रेटरी, बंदरं, खाणी, बँका, सगळीकडे आजी नाहीतर माजी अधिकारी. त्यामुळे तिकडच्या हुशार गरीब पोराला वर जायचं तर सरळ रस्ता एकच, अकॅडमी.

थेन सेन तसेच. जन्म १९४४ चा, इरावती नदीच्या त्रिभुज प्रदेशातलं एक छोटं खेडं, समुद्र जवळ, भातशेती आणि खाड्याच खाड्या, कोकणातल्या माणसाला लगेच ओळखीचं वाटेल असं. घरची स्वतःची जमीन नव्हती. तिथून हा मुलगा डिफेन्स सर्व्हिसेस अकॅडमीत गेला आणि १९६८ मध्ये नवव्या बॅचमधून अधिकारी होऊन बाहेर पडला. पुढची वीसेक वर्षं चारचौघा अधिकाऱ्यांसारखीच, त्यात सांगण्यासारखं फार नाही. नाव वर येतं ते १९९७ नंतर, कारण तेव्हा त्यांना ट्रँगल रीजन कमांड मिळाली. हेडक्वार्टर केंगटुंग, शान राज्याचा पूर्व भाग, एकीकडे चीन, एकीकडे लाओस, एकीकडे थायलंड, अफूच्या धंद्याने जगभर बदनाम झालेला तो गोल्डन ट्रँगल म्हणजे हाच टापू. जागोजागी सशस्त्र टोळ्या, काहींशी शस्त्रसंधी, काहींशी लढाई. तिथे चार वर्षं काढून ते राजधानीत आले आणि थान श्वे यांच्या आतल्या गोटात शिरले. थान श्वे म्हणजे १९९२ पासूनचे सर्वेसर्वा, सीनियर जनरल.

ऑक्टोबर २००४ मध्ये पंतप्रधान आणि गुप्तचर प्रमुख खिन न्युंट यांना थान श्वेंनी एका फटक्यात उडवलं, त्या उलथापालथीत थेन सेन सत्ताधारी लष्करी मंडळाचे फर्स्ट सेक्रेटरी झाले, आणि २००७ मध्ये पंतप्रधान सो विन आजारी पडून वारले तेव्हा पंतप्रधान. लक्षात घ्या, कुठेही स्वतः डाव टाकून वर आले असं दिसत नाही. वरचा कोणी गेला की याला बसव, कारण हा माणूस शांत, हुकूम पाळणारा, पैसे खाण्याच्या बाबतीत इतर जनरलांच्या मानाने स्वच्छ, हृदयाचं दुखणं असलेला, कोणाला भीती वाटावी असा नाहीच. चष्मा, बारीक आवाज, लिहिलेलं भाषण खाली मान घालून वाचणार.

पुणे : अशा हुकूम पाळणाऱ्या माणसाने मग एकदम लोकशाही का आणली? अमेरिकेच्या निर्बंधांमुळे?

निर्बंध हे एक कारण, पण मला विचाराल तर मोठं कारण वेगळंच आहे आणि ते जरा नीट सांगतो.

पहिली गोष्ट, थेन सेन यांच्या मनात एके दिवशी लोकशाही उगवली असं झालेलं नाही. सगळा नकाशा थान श्वेंचा होता. राज्यघटनेचा पाया घालणारं जे अधिवेशन १९९३ पासून रडतखडत चाललं होतं त्याचे शेवटच्या टप्प्यातले अध्यक्ष थेन सेनच होते, म्हणजे २००८ च्या घटनेवर त्यांचाही हात आहे. ती घटना काय म्हणते बघा : संसदेत २५ टक्के जागा लष्करप्रमुख भरणार, गृह, संरक्षण आणि सीमा ही तीन खाती लष्कराकडे, आणि घटना बदलायची तर ७५ टक्क्यांपेक्षा जास्त मतं लागणार. २५ टक्के आधीच गणवेशात बसलेत म्हटल्यावर त्यांच्या परवानगीशिवाय एक शब्द हलत नाही. शिवाय ज्याची मुलं परदेशी नागरिक आहेत त्याला राष्ट्राध्यक्ष होता येणार नाही हे कलम, आणि सू ची यांची मुलं ब्रिटिश, म्हणजे ते कोणासाठी होतं ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट, थान श्वे म्हातारे होत होते आणि त्यांनी स्वतःच २००२ मध्ये जुन्या ने विन यांना घरात कोंडलं होतं, ने विन त्याच नजरकैदेत वारले. आपण दुसऱ्याचं जे केलं ते उद्या आपलं होऊ नये ही भीती त्यांना असणारच असं मला ठाम वाटतं. म्हणून त्यांनी एकाच वारसदाराच्या हातात सगळं दिलं नाही. राष्ट्राध्यक्ष थेन सेन, संसदेच्या खालच्या सभागृहाचे अध्यक्ष श्वे मान, लष्करप्रमुख मिन आंग लाइंग, अशी तीन जणांत वाटणी. श्वे मान राष्ट्राध्यक्ष होणार असं सगळे धरून चालले होते, ते दमदार, महत्त्वाकांक्षी. खुर्ची मिळाली मवाळ माणसाला.

आणि तिसरी गोष्ट चीन. निर्बंधांमुळे बाकी दारं बंद, मग लाकूड, खनिजं, वीज, सगळं एकाच गिऱ्हाइकाला. स्वतःच्या स्वातंत्र्याचा प्रचंड अभिमान असलेल्या फौजेला हे मनातून डाचत होतं.

पण एवढं सगळं मान्य करूनही मी म्हणेन की नकाशा दुसऱ्याचा असला तरी थेन सेन त्या नकाशात दाखवल्यापेक्षा बरंच पुढे चालत गेले, आणि तेवढं श्रेय त्यांचंच.

सोलापूर : पुढे चालत गेले म्हणजे नेमकं काय केलं ते उदाहरणासकट सांगा, नुसतं "सुधारणा केल्या" नको.

बरोबर आहे तुमचं. एक फोटो सांगतो आधी. १९ ऑगस्ट २०११, राजधानी नेपिडो. थेन सेन आणि सू ची शेजारी शेजारी उभे आणि त्यांच्या डोक्यावर भिंतीवर जनरल आंग सान यांची तसबीर. आंग सान म्हणजे स्वातंत्र्याचे जनक, फौजेचे संस्थापक आणि सू ची यांचे वडील. लष्करी राजवटीने मुलीच्या धास्तीपायी बापाची तसबीर मागे सारली होती, नोटांवरून सुद्धा त्यांचा चेहरा गेला होता. आणि तीच तसबीर राष्ट्राध्यक्षांनी सगळ्या देशाला दिसेल अशी मागे ठेवली. आपल्याकडे एखाद्या सरकारने कित्येक वर्षं गांधीजींचा फोटो काढून ठेवलाय आणि अचानक एके सकाळी तो परत लागलाय अशी कल्पना करा म्हणजे लोकांच्या पोटात काय कालवलं असेल ते कळेल. सू ची यांनी त्या भेटीनंतर या माणसाशी बोलता येईल असं ठरवलं, आणि एप्रिल २०१२ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पक्षाने ४४ जागा लढवून ४३ जिंकल्या, त्या स्वतः संसदेत गेल्या.

दुसरं मित्सोन धरण. इरावती जिथे दोन नद्यांच्या संगमातून सुरू होते तिथे, काचिन राज्यात, चिनी कंपनी ३६० कोटी डॉलरचं धरण बांधत होती आणि वीज बहुतेक सगळी चीनला जाणार होती. इरावती म्हणजे त्यांची गंगाच. लोकांचा विरोध वाढला आणि ३० सप्टेंबर २०११ ला थेन सेन यांनी संसदेला पत्र पाठवून सांगितलं की जनतेची इच्छा नाही म्हणून माझ्या कारकिर्दीत हे काम थांबवतोय. चीनला असं तोंडावर "नाही" म्हणणं! मी ती बातमी तेव्हा दोनदा वाचली होती, खरं वाटेना.

बाकीचं भराभर : शेकडो राजकीय कैदी सुटले, ऑगस्ट २०१२ मध्ये छापण्याआधी मजकूर सेन्सॉरला दाखवायची पद्धत बंद झाली, एप्रिल २०१३ पासून खासगी दैनिकं निघायला लागली. चलनाचं तर अजबच होतं, सरकारी दर डॉलरला साधारण ६ क्यात आणि बाजारात ८०० च्या आसपास, म्हणजे ज्याला सरकारी दराने डॉलर मिळतो तो बसल्या जागी श्रीमंत, आणि असा डॉलर कोणाला मिळत असेल ते तुम्हीच ओळखा. एप्रिल २०१२ मध्ये तो दर बाजारावर सोडला, पहिल्या दिवशी ८१८. आणि मोबाईलचं सिमकार्ड, जे एके काळी हजार हजार डॉलरला जायचं, ते २०१४ मध्ये परदेशी कंपन्या आल्यावर दीड डॉलरला टपरीवर मिळायला लागलं. साध्या माणसाला लोकशाही म्हणजे काय ते या सिमकार्डमुळे जास्त कळलं असेल असं मला वाटतं.

औरंगाबाद : तुमच्या लेखात त्यांचं कौतुकच दिसलं. रोहिंग्यांचं काय? ते विसरलात का?

विसरलो नाही, गेल्या अंकात जागा नव्हती हे कारण दिलं तर ते पळवाट होईल, तुमचा राग योग्य आहे. जून २०१२ मध्ये रखाइन राज्यात दंगली पेटल्या, ऑक्टोबरमध्ये परत, आणि सुमारे १ लाख ४० हजार माणसं, त्यातले बहुतेक रोहिंग्या मुसलमान, छावण्यांत गेली ती तिथेच अडकली. जुलै २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे निर्वासित आयुक्त अंतोनियो गुटेरेस भेटीला आले तेव्हा थेन सेन यांनी त्यांना सांगितलं की या लोकांना तुमच्या छावण्यांत घ्या नाहीतर तिसऱ्या देशात पाठवा. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या माणसांबद्दल देशाचा राष्ट्राध्यक्ष असं बोलतो. मार्च २०१३ मध्ये मेइक्तिलात मुसलमानांवर हल्ले झाले, चाळीसहून जास्त माणसं गेली. २०१५ मध्ये रोहिंग्यांकडची तात्पुरती पांढरी ओळखपत्रं रद्द झाली, म्हणजे मतदान गेलं, आणि त्याच वर्षी धर्मांतर आणि आंतरधर्मीय लग्नावर बंधनं घालणाऱ्या कायद्यांवर थेन सेन यांनी सह्या केल्या. २०१७ मध्ये ७ लाखांवर माणसं बांगलादेशात पळाली तेव्हा ते पदावर नव्हते, पण ती आग पेटत होती तेव्हा विझवायचा अधिकार त्यांच्याकडे होता आणि त्यांनी विझवली नाही. सू ची यांनीही पुढे निराशाच केली, पण दुसऱ्याच्या चुकीने पहिल्याची चूक पुसली जात नाही.

ठाणे : माजी जनरल राष्ट्राध्यक्ष म्हटल्यावर फौज तरी त्यांचं ऐकत असेल ना?

तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. जून २०११ मध्ये काचिन बंडखोरांशी १७ वर्षांची शस्त्रसंधी मोडली. त्याच डिसेंबरमध्ये थेन सेन यांनी फौजेला हल्ले थांबवायचा आदेश दिला. लढाई थांबली नाही. वर्षभराने, २०१२ संपता संपता, बंडखोरांच्या लाइझा या मुख्यालयाजवळ विमानं आणि हेलिकॉप्टरं हल्ले करत होती. ज्याने आयुष्यभर हुकूम पाळले आणि दिले त्या माणसाचा हुकूम त्याच्याच फौजेने पाळला नाही, कारण घटनेनुसार फौजेचा सर्वोच्च अधिकारी लष्करप्रमुख, राष्ट्राध्यक्ष नाही. आणि ती घटना बनताना अध्यक्ष कोण होतं ते वर लिहिलंच आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये देशव्यापी शस्त्रसंधीचा मोठा समारंभ झाला तेव्हाही सही करणारे गट आठच निघाले, काचिनवाले त्यात नव्हते.

सांगली : जनरल तिन ऊ आणि थेन सेन एकच का?

नाही, पण बरं झालं विचारलंत, कारण तिन ऊ यांच्यावर लिहायची माझी कधीची इच्छा आहे. ते १९७४ ते १९७६ लष्करप्रमुख होते, मग हकालपट्टी, ने विनविरुद्धच्या कटाची माहिती लपवल्याचा आरोप, तुरुंग. १९८८ मध्ये सू चींबरोबर पक्ष काढला आणि त्यानंतरची कित्येक वर्षं कैदेत नाहीतर नजरकैदेत, २०१० मध्ये सुटले तेव्हा वय ८० च्या पुढे. २०२४ मध्ये ९७ व्या वर्षी गेले. गणवेश उतरवून राजकारणात दोघंही आले, पण एक खुर्चीवरून आला आणि दुसरा कोठडीतून. माझं मन विचाराल तर तिन ऊंकडे जातं.

पणजी : त्यांच्या कारकिर्दीतली एकच गोष्ट चांगली म्हणून निवडायची तर कुठली?

जाणं. नोव्हेंबर २०१५ मध्ये निवडणूक झाली, सू चींच्या पक्षाने धुव्वा उडवला, सत्ताधारी पार्टीला दोन्ही सभागृहं मिळून ४१ जागा. १९९० मध्येही असाच निकाल लागला होता आणि तेव्हा फौजेने तो सरळ बासनात गुंडाळून ठेवला, म्हणून निकालानंतरचे ते साडेचार महिने सगळा देश श्वास रोखून बसला होता. या माणसाने पराभव मान्य केला, अभिनंदन केलं आणि ३० मार्च २०१६ ला नव्या राष्ट्राध्यक्षांच्या हातात कारभार देऊन घरी गेला. अर्धशतकात तिथे असं झालं नव्हतं. निवडणुकीआधी ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांनी श्वे मानना रातोरात पार्टीच्या अध्यक्षपदावरून काढलं होतं, ऑफिसला सुरक्षा दलाचा वेढा घालून, म्हणजे जुनी सवय पूर्ण सुटलेली नव्हती हेही सांगायला हवं. पण दिला शब्द पाळला. आणि पद सोडल्यावर काही दिवसांतच डोकं भादरून थोड्या दिवसांसाठी भिक्षू झाले, तिकडे पुरुषांमध्ये ही पद्धत आहे. चष्मा तोच, अंगावर भगवी चीवरं, तो फोटो मी अजून जपून ठेवलाय.

रत्नागिरी : (पहिल्या पत्रातल्याच वाचकाचा दुसरा प्रश्न) त्यांच्यानंतर म्यानमारहून कोणी मोठं माणूस आमच्याकडे आलं का?

आलं. डिसेंबर २०१६ मध्ये थिबाच्या निधनाला शंभर वर्षं झाली तेव्हा तिकडचे उपराष्ट्राध्यक्ष म्यिंट स्वे आले होते आणि त्यांच्याबरोबर लष्करप्रमुख मिन आंग लाइंग. हे तेच, ज्यांनी ३० मार्च २०११ ला, थेन सेन यांचा शपथविधी झाला त्याच दिवशी, फौजेची सूत्रं हातात घेतली होती. त्यांनीही त्याच समाधीसमोर मान वाकवली, आणि १ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे सू ची आणि निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षांना अटक करून सत्ता घेतली. त्या पहाटेच्या विरोधात थेन सेन यांनी जाहीर एक शब्द काढल्याचं माझ्या वाचनात नाही. मी बराच काळ वाट बघत होतो.